शेळ्यांचं मिल्किंग मशीन धुवायचं कसं: नाशिककडच्या नव्या शेळीपालकांसाठी

मिल्किंग मशीन विकणारा माणूस प्रात्यक्षिक दाखवतो ते धार काढण्याचं. धुण्याचं विचारलं तर "बादलीभर पाणी ओढून घ्या, झालं" एवढं सांगून तो पुढच्या गावाला लागतो. पण सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत टिकणार की तापवताना फाटणार, आणि गिऱ्हाईक "शेळीचा वास येतो" म्हणून नाक मुरडणार की रतीब वाढवणार, हे बरंचसं धुण्यावर ठरतं. म्हणून मशीन घेण्याआधीच दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास धुण्यासाठी धरून चाला. तेवढा वेळ नसेल आणि दुधात चार-पाचच शेळ्या असतील, तर सरळ हातानेच धार काढा असं माझं मत आहे. स्टीलची एक चरवी घासायला पाच मिनिटं पुरतात.

पुढे लिहिलंय ते एका कॅनच्या साध्या मशीनबद्दल. पाच-पंचवीस शेळ्यांच्या गोठ्यात हेच असतं: व्हॅक्युम पंप, पल्सेटर (कपातलं रबर आळीपाळीने दाबून-सोडून धार काढणारा भाग), स्टीलचा कॅन, त्याचं झाकण आणि दोन-दोन कपांचे एक किंवा दोन सेट.

दुधातलं काय कशाने निघतं

मशीनला चिकटून राहतं ते दूध म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. साखर साध्या पाण्याने जाते. स्निग्धांश गरम पाणी आणि अल्कली, म्हणजे सोड्याच्या जातीचा क्लीनर, यांनी सुटतो. प्रथिनंही अल्कलीनेच निघतात, त्यात क्लोरीन असेल तर लवकर. क्षारांना मात्र, त्यातही कॅल्शियमला, अल्कली काही करत नाही. ते आम्लानेच विरघळतात. म्हणून एकच पावडर वर्षभर वापरणाऱ्याच्या कॅनला आतून खरखरीत पांढरट थर धरतो. डेअरीवाले त्याला मिल्कस्टोन म्हणतात. त्या थराच्या खाचांत जंतू बसले की वरून कितीही औषध ओता, त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

एवढं समजलं की धुण्याचा क्रम पाठ करावा लागत नाही: कोमट पाणी, गरम अल्कली, साधं पाणी, आम्ल. आणि पुढच्या धारेच्या आधी निर्जंतुकीकरण.

आधी आपलं पाणी ओळखा

नाशिक शहरात गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं, ते बरंच मऊ. सिन्नर, येवला, निफाड, चांदवडकडे बोअरवर चालणाऱ्या गोठ्यात बहुतेक ठिकाणी पाणी जड असतं. तुमचं कसलं आहे हे घरातल्या बाईमाणसाला विचारा. डाळ शिजायला वेळ लागतो का, साबणाला फेस येत नाही का, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो का? तिन्हींना हो असेल तर पाणी जड आहे, आणि हा लेख तुमच्या जरा जास्तच कामाचा आहे. नक्की आकडा हवा असेल तर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन एकूण कठीणपणा तपासून घ्या. लिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेला की ते फार जड समजतात.

जड पाण्यात दोन गोष्टी बदलतात. क्लीनरचा काही भाग पाण्यातल्या क्षारांशी झुंजण्यातच खर्ची पडतो, म्हणून डब्यावर जड पाण्यासाठी वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच घ्यायचं. आणि आम्लाची फेरी आठवड्यातून एकदा नाही, रोज एकदा तरी द्यायची. आपल्याकडे द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्याचा सामू बघतात, त्यामुळे पीएच पट्ट्या जवळच्या कृषी सेवा केंद्रात सहसा मिळतात. एक पाकीट गोठ्यात असू द्या, पुढे कामाला येईल. फवारणीची बादली किंवा मोजमाप मात्र या कामाला कितीही धुऊन घ्यायचं नाही. दुधाच्या बादल्या वेगळ्या, रंगाने ओळखू येतील अशा ठेवा.

काय काय लागेल

झाकणाच्या प्लास्टिकच्या बादल्या दोन-तीन, डेअरीचा थर्मामीटर, लायनरचा (कपाच्या आतल्या रबरी नळीचा, जिच्यात सड शिरतो) ब्रश, पाइपचा लांब ब्रश, कॅनसाठी मऊ ब्रश, रबरी हातमोजे, चष्मा. रसायनं तीन: डेअरीसाठीचा क्लोरीनयुक्त अल्कली क्लीनर, आम्ल क्लीनर आणि सोडियम हायपोक्लोराइट.

पैसे वाचवायला लोक काय वापरतात तेही सांगतो. कपड्याच्या पावडरीला फेस फार, आणि मशीन ओढायला लागलं की तो फेस थेट पंपाकडे पळतो. शिवाय तिचा वास रबरात मुरतो. राख, काथ्या, तारेची घासणी यांनी स्टीलला ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्याच ओरखड्यांत धरतो. फरशी-संडासाचं अॅसिड तर मशीनजवळसुद्धा आणू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक अॅसिड स्टेनलेस स्टील खातं. आम्ल क्लीनर मिळत नसेल तर किराणा दुकानातलं खाण्याचं सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्व, बऱ्यापैकी काम करतं. तुमच्या मशीनचा एखादा भाग अॅल्युमिनियमचा असेल, स्वस्त मशीनमध्ये असतो, तर तो अल्कलीत बुडवू नका; काळा पडून झिजतो.

पाण्याचं तापमान, थर्मामीटर नसला तरी

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उन्हाळ्या-पावसाळ्यात टाकीचं पाणी २५ अंशांच्या जवळपास असेल, तर एक भाग उकळतं आणि चार भाग साधं मिसळून ४० अंश होतात. तीन भाग उकळतं आणि दोन भाग साधं घेतलं की ७० च्या जवळ जातं. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, कोमट पाण्यासाठी दोन भाग उकळत्यास पाच भाग साधं आणि गरमसाठी दोनास एक असं प्रमाण धरा. बंबाचं किंवा सोलरचं पाणी चालेल. दूध मात्र तांब्या-पितळेच्या भांड्यात नको, तांब्याच्या संपर्काने दुधातल्या स्निग्धांशाला वेगळाच वास लागतो.

धार संपल्यावर

सगळ्यात महत्त्वाचा नियम वेळेचा आहे. शेवटची शेळी सुटली की दूध गाळून थंड करायला ठेवायचं आणि लगेच धुवायला लागायचं. शेळ्यांना चारा टाकून, चहा पिऊन मग धुऊ, असं म्हटलं की पाइपच्या आतलं दूध वाळतं. ओलं दूध पाण्याने निघतं, वाळलेल्याला घासावं लागतं. आणि दीड मीटर पाइपच्या मधोमध घासणं काही सोपं नाही.

आधी कपांवर आणि पाइपवर बाहेरून लागलेलं शेण-लेंड्या, केस धुऊन टाका, नाहीतर तेच आत ओढलं जाईल. मग बादलीत दहा लिटर कोमट पाणी, ३८ ते ४३ अंशांचं. यापेक्षा गार पाण्यात स्निग्धांश गोठून भिंतीला बसतो. यापेक्षा गरम पाण्यात प्रथिनं शिजून चिकटतात, उकळलेल्या दुधाचं पातेलं आठवा. नवे लोक "जेवढं गरम तेवढं स्वच्छ" म्हणून पहिल्याच फेरीला कढत पाणी घेतात आणि थर पक्का करून ठेवतात.

कॅनचं झाकण लावून पंप सुरू करा, कप बादलीत उलटे धरा आणि पाणी कॅनमध्ये ओढू द्या. मध्येमध्ये कप पाण्याबाहेर काढून पुन्हा बुडवा. त्यामुळे पाइपमध्ये पाणी आणि हवा आळीपाळीने, धक्क्याधक्क्याने जातात आणि आतली भिंत घासली जाते. नुसतं सलग पाणी ओढलं तर ते गुळगुळीत वाहून जातं. गेजवर धार काढतानाचाच व्हॅक्युम ठेवा, शेळ्यांसाठी तो साधारण ३६ ते ४० किलोपास्कल असतो, इंचाच्या गेजवर ११ ते १२. कॅन पाऊण भरायच्या आत थांबा. जास्त भरला तर पाणी व्हॅक्युमच्या नळीतून पल्सेटरकडे आणि पंपाकडे जातं. कॅनमधलं पाणी ओता, बघा. दुधाळ दिसतंय तोवर पुन्हा ओढा. हे पहिलं पाणी उकिरड्यावर किंवा झाडांना घाला, शेडजवळ सांडलं तर माश्या होतात.

ही फेरी वापरलेलं पाणी पुन्हा न फिरवता करायची. कॅनमध्ये आलेलं दूधपाणी परत बादलीत ओतून तेच ओढणारे मी बघितलेत. त्याने फक्त दूध पातळ होऊन सगळीकडे फिरतं.

आता अल्कली. ७० अंशांचं दहा लिटर पाणी घ्या, त्यात डब्यावर दिलेल्या प्रमाणात क्लीनर टाका. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी नाही. आणि हातमोजे घालून. हे द्रावण दोन-तीन वेळा ओढून, परत बादलीत ओतून, आठ-दहा मिनिटं फिरवा. इथे तेच पाणी पुन्हा फिरवायला हरकत नाही. नजर ठेवायची ती तापमानावर. द्रावण ४५ अंशांच्या खाली गेलं की सुटलेला स्निग्धांश परत जागेवर जाऊन बसतो. थंडीत कॅन आणि बादली दोन्ही गार असतात, त्यामुळे पहाटेच्या वेळी द्रावण बघता बघता निवतं. आधी थोडं कढत पाणी कॅनमध्ये फिरवून कॅन तापवून घ्या, किंवा फेरी थोडी आटोपती घ्या.

मग मशीन बंद करून सुटं करा. कपाच्या कवचातून लायनर रोज काढायची गरज नसते, पण लायनरच्या तोंडाशी, सड जिथे शिरतो त्या कडेच्या आतल्या बाजूला, बोट फिरवून बघा. तिथे एक खोबण असते, ब्रश सरळ घातला तर तिच्यावरून निसटून जातो. ब्रश जरा तिरका धरून गोल फिरवावा लागतो. झाकणाचं गॅस्केट, म्हणजे रबरी कडं, काढून त्याखालची खाच घासा. मशीनचा वास बहुतेक वेळा इथूनच येतो. पाइपमधून लांब ब्रश दोन्ही बाजूंनी घाला. क्लॉ, म्हणजे दोन्ही कपांचं दूध एकत्र येतं तो छोटा भाग, उघडा. त्याला किंवा कपाच्या आखूड नळीला सुईच्या टोकाएवढं हवेचं छिद्र असतं. ते बुजलं तर दूध पुढे सरकत नाही, कपात साचतं आणि सड दुधात भिजत राहतात. एकीच्या कासेतले जंतू दुसरीकडे जाण्याची ही सोपी वाट. छिद्र मशीनबरोबर आलेल्या सुईनेच मोकळं करा. खिळा-टाचणी घालून मोठं केलं तर व्हॅक्युम बिघडतो.

सगळं साध्या स्वच्छ पाण्याने विसळून घ्या. हाताला बुळबुळीत लागतंय तोवर अल्कली शिल्लक आहे.

शेवटी आम्लाची फेरी. दहा लिटर साध्या किंवा कोमट पाण्यात आम्ल क्लीनर लेबलप्रमाणे; सायट्रिक अॅसिड असेल तर साधारण ३० ते ५० ग्रॅम. पीएच पट्टी तीनच्या आसपास दाखवायला हवी. जड पाण्यात तेवढ्यावर येत नसेल तर थोडं वाढवा. चार-पाच मिनिटं फिरवून काढून टाका. लेबलवर वेगळं सांगितलं नसेल तर यानंतर एकदा साध्या पाण्याने विसळा. आम्लाने क्षार तर निघतातच, शिवाय मागे राहिलेली अल्कली मारली जाते आणि रबर जास्त टिकतं.

इथे एक धोका नीट समजून घ्या. अल्कली क्लीनरमध्ये क्लोरीन आहे, हायपोक्लोराइट तर क्लोरीनच. यातलं काहीही आम्लात मिसळलं की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये विसळणं टाळायचं नाही, दोन्हींची मापं वेगळी ठेवायची, आणि आम्लाचा डबा वेगळ्या फळीवर. मदतीला नवा गडी आला तर त्याला पहिल्याच दिवशी हे सांगा. पाण्याच्या जुन्या बाटल्यांत रसायन भरून ठेवू नका, घरात लेकरं असतात.

वाळवणं

ओलं राहिलेलं मशीन रात्रभरात परत जंतूंनी भरतं, मग आधीची सगळी मेहनत पाण्यात. कॅन जाळीच्या रॅकवर पालथा घाला, झाकण शेजारी उभं, पाइप दोन्ही टोकं खाली येतील असे खुंटीला टांगा. कप लावलेले असतानाच पंप दोन मिनिटं नुसता हवेवर चालवला तर आतलं पाणी निघून जातं.

स्टीलचा कॅन उन्हात ठेवायला हरकत नाही. रबर मात्र सावलीतच. मार्च-एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात लायनर कडक होऊन बारीक चिरा धरतात. आणि वाळवायची जागा बोकडाच्या खोलीपासून लांब ठेवा. गाभण घालायच्या हंगामात बोकडाचा उग्र वास हवेतूनही दुधाला लागतो. रॅकवर मच्छरदाणीचं कापड टाकलं की पाली आणि माश्यांचा प्रश्न मिटतो.

पुढच्या धारेच्या आधी

निर्जंतुकीकरण धुतल्यावर लगेच नाही, धार काढायच्या अर्ध्या तासाच्या आत करायचं. चार टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर दहा लिटर साध्या पाण्याला २५ मिली घेतलं की शंभर पीपीएमचं द्रावण होतं, ५० मिली घेतलं की दोनशेचं. एवढं पुरतं. ते मशीनमधून ओढून दोन मिनिटं आत राहू द्या, पूर्ण निथळून टाका आणि परत बोअरच्या पाण्याने विसळू नका, नाहीतर पाण्यातले जंतू पुन्हा आत. "जास्त टाकलं तर जास्त चांगलं" हे इथे लागू नाही. जास्त क्लोरीनने रबर काळं सोडायला लागतं आणि स्टीलवर बारीक खड्डे पडतात. मळलेल्या मशीनवर क्लोरीन वाया जातं, म्हणून धुण्याला हा पर्याय नाही.

हायपोक्लोराइट ऊन आणि उष्णतेने मरतं. पाच लिटरचा स्वस्त कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलात तर मे महिन्यात त्यात निव्वळ पाणी उरल्यासारखं होईल. छोटी बाटली घ्या, तारीख बघा, घरात अंधारात ठेवा. द्रावण रोज ताजं करा.

आठवड्याची तपासणी

आठवड्यातून एकदा लायनर कवचातून काढून, सगळं सुटं करून मोबाईलच्या टॉर्चने आत बघा. थर काय आहे ते रंगावरून कळतं. पाणी थेंबाथेंबाने साचून राहतंय आणि हाताला तुपकट लागतंय, म्हणजे स्निग्धांश. पाणी पुरेसं गरम नव्हतं किंवा क्लीनर कमी पडलं. स्टीलवर निळसर, इंद्रधनुषी झाक दिसली की प्रथिनं. क्लोरीनयुक्त अल्कलीची फेरी नीट होत नाहीये. पांढरा-पिवळट खडूसारखा थर म्हणजे क्षार, आम्ल वाढवा. बोटाला काळं लागलं तर रबरच झिजतंय, ते बदलायचं, घासायचं नाही.

त्याच दिवशी कॅनपासून पंपापर्यंतची व्हॅक्युम नळी बघा. तिच्यात दूध जायला नको, पण कधीतरी जातंच, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसल्याने महिनोन्‌महिने सडत राहतं. पल्सेटर पाण्यात बुडवायचा नसतो. त्याचा हवेचा फिल्टर मशीनच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे कोरडाच साफ करा.

लायनर कधी बदलायचे हे महिन्यांवर नाही, धारांवर मोजा. एका सेटवर दहा शेळ्या दोन वेळ म्हणजे दिवसाला वीस धारा, दोन महिन्यांत बाराशे. कंपनीने दिलेला आकडा याच्याशी ताडून बघा. सिलिकॉनचे लायनर रबरापेक्षा जास्त चालतात, महागही असतात. फुगलेला, वाकडा झालेला किंवा चिरलेला लायनर आकडा पुरा व्हायच्या आधीही बदलायचा. जोडीतला एकच नाही, दोन्ही.

वीज गेली तर

धुण्याच्या मध्येच लाइट जाणं आपल्याकडे नवीन नाही. अशा वेळी वाट बघत बसू नका. मशीन सुटं करा, बादलीत कोमट पाणी घेऊन भाग विसळा, मग गरम अल्कलीत बुडवून ब्रशने घासा. हाताने धुतलेलं मशीन ओढून धुतलेल्यापेक्षा कमी नसतं, फक्त वेळ लागतो. थर्मासमध्ये किंवा गॅसवर गरम पाण्याची सोय तेवढी हवी.

पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठकडे चार महिने पाइप वाळतच नाहीत, आतून काळे ठिपके धरतात. तिथे पाइपचे दोन संच ठेवून आलटून-पालटून वापरणं परवडतं. ठिपके धरलेला पाइप ब्रशने साफ होत नाही, टाकूनच द्यावा लागतो; दुधाला लागणारा फूड ग्रेड पाइप मीटरवर मिळतो, आतला व्यास मापून घेऊन जा. बागेला वापरतो तो हिरवा पाइप स्वस्त पडला तरी या कामाला नको.